मिसळीचा वाद

निसर्गाने माणसाच्या जिभेवर दोन कामे सोपविली आहेत : पहिले चव घेण्याचे आणि दुसरे बोलण्याचे. बहुतेक वेळी ही कामे आळीपाळीने चालतात. तोंडात घास असताना बोलू नये, असे घरोघरी मुलांना शिकविले जाते, ते याचसाठी. परंतु एक विषय असा आहे, की त्यात जिभेची ही दोन्ही कामे एकमेकांत गुंतून जातात. तो विषय म्हणजे आपल्या गावातील खाण्याची ठिकाणे आणि तेथील पदार्थ. कोणत्या गावची मिसळ सरस, कोणत्या दुकानाचा वडा खमंग, कोणत्या खानावळीची आमटी घरच्यासारखी, हे प्रश्न निघाले, की शांत स्वभावाची माणसेही सरसावून बसतात. इतर सर्व बाबतींत ज्यांचे एकमत आहे, असे दोन शेजारीदेखील मिसळीवरून तासभर भांडू शकतात.

रेल्वेच्या डब्यात तीन शहरांचे तीन प्रवासी समोरासमोर बसले आहेत, अशी कल्पना करावी. एखादे स्थानक येते, फलाटावरून फेरीवाल्याची आरोळी ऐकू येते आणि बोलणे साहजिकच खाण्याकडे वळते. कोल्हापूरचे गृहस्थ म्हणतात, "अहो, मिसळ खावी तर आमच्या कोल्हापुरात! पहिल्या घासाला कपाळावर घाम आला नाही, तर ती मिसळ कसली?" पुण्याचे गृहस्थ शांतपणे उत्तर देतात, "घामच काढायचा असेल, तर पर्वती चढावी. मिसळ खायची ती चव कळावी म्हणून." नाशिकचे गृहस्थ दोघांकडे पाहून हसतात आणि म्हणतात, "आमच्याकडे या. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर भाजलेला पापड आणि शेजारी दह्याची वाटी. एकदा खाऊन पाहा आणि मग बोला." इतक्यात वरच्या बाकावर पहुडलेले नागपूरकर उठून बसतात आणि तर्री-पोह्यांची बाजू मांडू लागतात. गाडी पुढे धावत असते. वाद मात्र जागचा हलत नाही.

अशा वादाविषयी जाणत्या माणसांची दोन मते आढळतात. काहींना हा केवळ वेळेचा अपव्यय वाटतो. अन्न हे पूर्णब्रह्म. जे ताटात पडेल ते आनंदाने खावे, त्याला नावे ठेवू नयेत, असे त्यांचे म्हणणे असते. दुसरे काही जण म्हणतात, की व्यक्ती तितक्या प्रकृती. एकाला जे रुचते ते दुसऱ्याला रुचत नाही, तेव्हा चवीच्या बाबतीत वाद घालण्यात अर्थच नाही. या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही मते अपुरी आहेत. अन्नाची निंदा करू नये हे खरे. पण अन्नाची पारख करणे म्हणजे निंदा नव्हे. रुची भिन्न असते हेही खरे. पण मिसळीविषयी जे जे बोलले जाते, ते सगळेच रुचीचे असते असे नाही. म्हणून असा वाद घालावा, अवश्य घालावा. मात्र तो कसा घालावा, हे शिकून घ्यावे.

वाद ज्याविषयी आहे, ती वस्तू प्रथम नीट ओळखली पाहिजे. मिसळ हे नावच तिची घडण सांगते. अनेक जिन्नस एकत्र मिसळून जी सिद्ध होते, ती मिसळ. तिचा पाया म्हणजे मोड आलेल्या मटकीची उसळ. मटकी हे कमी पावसात आणि हलक्या, कोरडवाहू जमिनीत तग धरणारे कडधान्य आहे. ज्या मुलखात पाऊस बेताचा, तेथे गरीब घरांना तिचा मोठा आधार असे. या उसळीवर शेव, फरसाण किंवा चिवडा पडतो; वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड येते; आणि सर्वांवर ओतला जातो तो लालभडक रस्सा. कोठे त्याला कट म्हणतात, कोठे तर्री. येथपर्यंत सर्वांचे साधारण एकमत असते. वाद सुरू होतो तो यापुढे.

कोल्हापूरकडे कांदा-लसणीच्या मसाल्याचा झणझणीत कट ही मिसळीची ओळख, आणि तिच्याबरोबर पुष्कळ ठिकाणी पावाचे मोठे तुकडे देतात. पुण्यात कित्येक ठिकाणी बशीत तळाशी पोहे आणि बटाट्याची भाजी असते आणि रश्श्याला किंचित गोडसर झाक असते. नाशिककडे काळ्या मसाल्याचा सुगंध महत्त्वाचा. नागपूरकडे पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओतून खाण्याची रीत आहे. प्रत्येक शहराची श्रद्धास्थानेही ठरलेली आहेत. पुण्यात नारायण पेठेतील बेडेकर आणि तुळशीबागेतील श्रीकृष्ण यांचे पक्षपाती वेगवेगळे. कोल्हापुरात फडतऱ्यांचे नाव काढताच दुसऱ्या दुकानाचा अभिमानी पुढे येतो. आणि ठाण्यात तर मामलेदार कचेरीच्या शेजारच्या दुकानाला लोकांनी त्या कचेरीचेच नाव देऊन टाकले. सरकारी कचेरीचे नाव ज्याच्यामुळे लोकांच्या तोंडी आवडीने आले, असा हा पदार्थ विरळाच म्हणावा लागेल.

आता या वादाचा सर्वांत मोठा मुद्दा पाहावा. तो म्हणजे तिखटपणा. तिखट खाणारा स्वतःला शूर समजतो आणि न खाणाऱ्याला भित्रा ठरवितो. परंतु शास्त्र या बाबतीत एक मौजेची गोष्ट सांगते. तिखट ही गोड, आंबट किंवा खारट यांसारखी चव नव्हेच. मिरचीत कॅप्सायसिन नावाचे द्रव्य असते. ते जिभेतील अशा मज्जातंतूंना चेतविते, की ज्यांचे खरे काम उष्णतेची आणि वेदनेची वर्दी मेंदूला देणे हे आहे. त्यामुळे जीभ भाजल्याचा भास होतो. मिरची खाल्ल्यावर माणूस "तोंड भाजले" असे म्हणतो, ते केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९९७ साली शरीरातील हा ग्राहक घटक शोधून काढला आणि २०२१ साली त्यांना वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. नेहमी तिखट खाणाऱ्याच्या जिभेला त्या दाहाची सवय होते. म्हणजे तिखट सोसणे हे शौर्याचे लक्षण नसून मुख्यतः सवयीचे लक्षण आहे. कोल्हापूरच्या माणसाने त्याचा गर्व करू नये आणि इतरांनी त्याबद्दल लाजू नये.

तीच गोष्ट रंगाची. पुष्कळांना वाटते, की रस्सा जितका लाल तितका तिखट. वस्तुतः कर्नाटकातील ब्याडगी मिरची रंगाने गडद लाल असूनही चवीला सौम्य असते. उलट लहानशी लवंगी मिरची डोळ्यांत पाणी आणते. मिरचीतील रंगद्रव्य तेलात विरघळते, म्हणून तो रंग तेलाबरोबर वर तरंगतो आणि कट डोळ्यांना भरतो. कॅप्सायसिनही तेलात विरघळते, पाण्यात सहसा विरघळत नाही. म्हणून तोंड भाजले असता पाणी प्यायल्याने दाह फारसा शमत नाही, दह्यादुधाने मात्र आराम पडतो. मिसळीबरोबर दह्याची वाटी ठेवणारा दुकानदार रसायनशास्त्राचे पुस्तक वाचलेला नसतो. पण अनुभवाने तो त्याच निष्कर्षाला पोहोचलेला असतो. भाषेच्या अभ्यासकालाही येथे एक गंमत सापडेल. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत येताना शब्दांनी जणू जागा बदलल्या : कटूचे कडू झाले आणि तिखट निराळ्याच चवीचे नाव ठरले. शब्दांच्या जिभेवरही चवी बदलतात, त्या अशा!

यावरून वादाचा पहिला नियम निघतो. जे तपासून पाहता येते आणि जे केवळ आवडीचे आहे, त्यांची गल्लत करू नये. "मला पुण्याची मिसळ आवडते," हे विधान खोडता येत नाही आणि सिद्धही करावे लागत नाही. ज्याची आवड, त्याचाच त्यावर अधिकार. परंतु "त्या दुकानात बशा नीट धुतलेल्या नसतात," हे विधान वेगळ्या जातीचे आहे. ते खरे असेल किंवा खोटे असेल. डोळ्यांनी पाहून ठरविता येईल. तेल पुन्हा पुन्हा तापविलेले आहे काय, पिण्याचे पाणी झाकलेले आहे काय, दर लिहिलेला आहे आणि तितकाच घेतला जातो काय, या सर्व गोष्टी तपासण्याजोग्या आहेत. अन्न निर्भेळ व सुरक्षित असावे यासाठी भारतात २००६ साली अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम करण्यात आला. कायद्याला चवीत हात घालता येत नाही. स्वच्छतेत मात्र घालता येतो, आणि घातलाच पाहिजे. तेव्हा चवीच्या बाबतीत उदार असावे आणि स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर असावे. प्रत्यक्षात पुष्कळ माणसे याच्या नेमके उलट वागतात. चवीसाठी हमरीतुमरीवर येतात आणि शेजारच्या उघड्या गटाराकडे काणाडोळा करतात.

दुसरा नियम असा, की चाखल्यावाचून बोलू नये. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही म्हण अविचाराने बोलणाऱ्यासाठी आहे; परंतु न खाता पदार्थाला नावे ठेवणाऱ्याला ती जितकी शोभते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला शोभेल. नाशिकची मिसळ ज्याने आयुष्यात खाल्ली नाही, त्याने तिचा निकाल लावावा हे साक्षीपुरावा न ऐकता शिक्षा सुनावण्यासारखे आहे. आणि चाखतानाही मन मोकळे पाहिजे. नावडतीचे मीठ अळणी, असे आपले पूर्वज सांगून गेले. मीठ तेच असते. अळणी असते ते खाणाऱ्याचे मन. ज्याने आधीच ठरविले आहे, की आपल्या गल्लीतील दुकानाखेरीज कोठेही चांगले मिळत नाही, त्याच्यापुढे पंचपक्वान्ने ठेवली तरी तो नाक मुरडणारच.

एखाद्याला वाटेल, की कोणीतरी मोठ्या परीक्षकाने निर्णय द्यावा आणि वाद मिटवावा. तसा प्रयत्नही झाला आहे. २०१५ साली लंडनमध्ये झालेल्या एका खाद्यविषयक समारंभात मुंबईतील दादरच्या 'आस्वाद' या उपाहारगृहाच्या मिसळपावाला जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान देण्यात आला. मराठी पदार्थाचा असा गौरव झाला, याचा सर्वांना आनंद वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्यामुळे वाद मिटला काय? मुळीच नाही. कोल्हापूरकरांनी दादरचा निवाडा मान्य केला नाही आणि पुणेकरांना तर लंडनचा अधिकारच मान्य होण्याजोगा नव्हता! यात त्यांचा हट्ट असेल, पण शहाणपणही आहे. ज्या मिसळीशी माणसाचे बालपण, शाळेची वाट, पहिल्या पगाराचा दिवस आणि मित्रांची संगत निगडित झालेली असते, तिला दूर देशीच्या परीक्षकाने दिलेले गुण लागू पडत नाहीत. पारितोषिक पदार्थाला मिळते. जिव्हाळा मात्र जागेशी जडतो.

हा जिव्हाळा योग्यच आहे. परंतु जिव्हाळ्याचे रूपांतर गर्वात होऊ लागले, की मिसळीकडेच पुन्हा निरखून पाहावे. "आमची मिसळ म्हणजे अस्सल आमच्या मातीतली," असे प्रत्येक जण म्हणतो. मटकी आपल्या मातीतली, हे खरे. पण ज्या मिरचीवर कोल्हापूरकरांचा एवढा अभिमान, ती मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारतात आली. तत्पूर्वी येथील स्वयंपाकघरात मिरी, आले आणि पिंपळी यांनीच तिखटपणा आणला जात असे. पुणेकर ज्या बटाट्यावर खूश आहेत, तोही दक्षिण अमेरिकेतून आला आणि येताना आपले नाव पोर्तुगीज भाषेतून घेऊन आला. पाव हा शब्दही पोर्तुगीजच. मुंबईकरांची मिसळपावाची बशी पाहिली, तर तिच्यात निम्मे पाहुणे बसलेले आढळतील. हे पाहुणे असे रमले, की आता त्यांना कोणी परके म्हणत नाही. जी मिसळ स्वतः इतक्यांना सामावून घेते, तिच्या नावाने दुसऱ्याला परके ठरविणे शोभत नाही.

असे वाद केवळ मिसळीवरच होतात असेही नव्हे. गोव्यात सकाळी भाजी-पावाच्या दुकानात बसलेली मंडळी पातळ भाजी श्रेष्ठ की सुकी भाजी श्रेष्ठ, याचा तितक्याच निष्ठेने खल करतात. नागपुरात सावजी जेवणाच्या मसाल्यावरून, मालवणात माशाच्या कढीवरून, खानदेशात भरताच्या वांग्यावरून हेच चालते. मुंबईत जुन्या इराण्याच्या हॉटेलातील मस्कापाव आणि माटुंग्याच्या उडुपी मंडळींची इडली यांचेही आपापले अभिमानी आहेत. गाव बदलते, पदार्थ बदलतो. माणसाचा स्वभाव तोच राहतो.

आता तिसरा नियम, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. वाद पदार्थावर असावा; तो माणसावर जाऊ देऊ नये. "तुमच्या मिसळीत गोडी जास्त आहे," येथपर्यंत ठीक. "तुम्ही पुण्याचे लोकच असे," येथे वाद संपला आणि अपमान सुरू झाला. शाळेतील मधल्या सुट्टीत याची परीक्षा रोज होत असते. कोणाच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा असतो, कोणाच्या डब्यात सुकट असते, कोणाच्या डब्यात कालची पोळी कुस्करून फोडणीला टाकलेली असते. डबा उघडताच शेजारचा मुलगा नाक दाबतो, दुसरा हसतो. आणि तिसऱ्या दिवसापासून तो डबेवाला मुलगा एकटाच कोपऱ्यात पाठ फिरवून जेवू लागतो. हसणाऱ्यांना वाटते, आपण फक्त पदार्थाला नाव ठेवले. वस्तुतः त्यांनी त्या मुलाच्या घराला, पहाटे उठून डबा भरून देणाऱ्या त्याच्या आईला आणि तिच्या परिस्थितीला नाव ठेवलेले असते. मिसळीवरून हसतखेळत भांडणे आणि डब्यावरून एखाद्याला एकटे पाडणे, यांतील अंतर ज्याला कळत नाही, त्याने खाद्यपदार्थांच्या वादात पडूच नये.

हे अंतर किती मोलाचे आहे, हे इतिहास सांगतो. एके काळी या देशात माणसे एकमेकांच्या पदार्थाचीच नव्हे, तर एकमेकांच्या स्पर्शाचीही शिसारी बाळगीत. अस्पृश्य मानलेल्या माणसाने चालविलेल्या दुकानात चहा पिणे हे पाप समजले जाई. ज्या कोल्हापूरची मिसळ गाजते, त्याच कोल्हापुरातील एक हकिकत प्रत्येक मुलामुलीने ध्यानात ठेवावी अशी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक गृहस्थ चाकरीस होते. ते अस्पृश्य मानलेल्या जातीचे असल्यामुळे, पाण्याला शिवले एवढ्याच कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य केले आणि गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल उघडले. आरंभी तिकडे कोणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवीत, चहा मागवून पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. छत्रपतीच जेथे चहा पितात, तेथे इतरांनी नाक मुरडावे तरी कसे? शाहू महाराज १९२२ साली निवर्तले. पण चहाच्या एका पेल्याने त्यांनी जे शिकविले, ते मोठमोठ्या व्याख्यानांनीही शिकविता आले नसते.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत येण्यास मज्जाव करता येणार नाही. अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा १९५५ साली झाला. देशाच्या मूलभूत कायद्यात उपाहारगृहाचा उल्लेख का यावा, असे एखाद्याला वाटेल. त्याचे कारण असे, की माणसाला समान मानले आहे की नाही, हे सभेतील भाषणावरून कळत नाही. त्याला शेजारच्या खुर्चीवर बसू दिले की नाही आणि आपल्यासारख्याच पेल्यातून चहा दिला की नाही, यावरून कळते. ही गोष्ट आपल्याच देशापुरती नाही. अमेरिकेतील ग्रीन्सबरो शहरात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहाराच्या बाकांवर जाऊन शांतपणे बसले. त्यांना काही वाढण्यास नकार मिळाला. पण ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, मग आणखी आले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्या दुकानाला आपली जागा सर्वांसाठी खुली करावी लागली. ते विद्यार्थी तेथे चांगल्या चवीसाठी गेले नव्हते. ते गेले होते माणूस म्हणून आपली जागा मागण्यासाठी.

म्हणून आपल्या आवडत्या हॉटेलाची बाजू मांडताना चवीइतकेच आणखी काही प्रश्न विचारावेत. तेथे हमालाला आणि साहेबाला एकाच बाकावर बसता येते काय? मजुराला परवडेल असा एखादा पदार्थ तेथे आहे काय? बशा विसळणारा एखादा मुलगा तुमच्याच वयाचा असून शाळेऐवजी तेथे राबत नाही ना? रस्सा कितीही चविष्ट असला, तरी या प्रश्नांची उत्तरे वाईट असतील, तर त्या दुकानाचा अभिमान बाळगणे कठीण आहे. आणि उत्तरे चांगली असतील, तर कट थोडा पातळ झाला म्हणून काही बिघडत नाही.

चव निर्माण करणारे हातही विसरू नयेत. मुंबईच्या गिरण्या भरात असताना कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे घरदार मागे ठेवून तेथे राबायला आली. त्यांना दोन वेळचे जेवण करून घालणाऱ्या बायका म्हणजे खानावळवाल्या. लहानशा खोलीत, चुलीच्या धुरात त्या दहा-वीस जणांचा स्वयंपाक करीत. धान्य भरण्यासाठी सावकाराकडून जबर व्याजाने पैसे काढीत आणि कष्टाचे पुष्कळसे फळ त्या व्याजातच जाई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेतून कर्ज मिळण्याची वाट मोकळी करून दिली. गिरणी कामगारांतही आपली खानावळ सरस की दुसऱ्याची, असा वाद झाला असेलच. पण आमटीत मीठ कमी पडले, असे बोलण्यापूर्वी ती आमटी किती वाजता उठून केलेली होती, हे जाणणारा जेवणारा अधिक सुसंस्कृत म्हटला पाहिजे.

जाता जाता एका शब्दाविषयी. पुष्कळ दुकानांच्या पाट्यांवर 'उपहारगृह' असे लिहिलेले आढळते. उपहार म्हणजे भेट, नजराणा. आणि उपाहार म्हणजे फराळ. योग्य शब्द उपाहारगृह हाच होय. मुलामुलींनी आपल्या लेखनात ही चूक टाळावी. मात्र पाटीवर ती दिसली, म्हणून दुकानदाराला हसू नये. शुद्धलेखन त्याचे चुकले असेल; मटकीला मोड आणण्याची वेळ मात्र त्याने कधी चुकविलेली नसते.

तेव्हा आपल्या गावच्या मिसळीचा, वड्याचा, भाकरीचा अभिमान प्रत्येकाने खुशाल बाळगावा आणि त्यासाठी हिरिरीने बोलावेही. ज्या गावात असा वाद कोणीच घालीत नाही, त्या गावावर कोणाचे फारसे प्रेम नाही, असेच समजावे. फक्त बोलण्यापूर्वी चाखावे, चाखताना मन मोकळे ठेवावे आणि बोलताना माणूस दुखावणार नाही, याची काळजी घ्यावी. वाद रंगला आणि निकाल लागेना, तर एक सोपा उपाय आहे. कोल्हापूरकराने नाशिककराला घरी बोलवावे, पुणेकराने नागपूरकराला बोलवावे आणि सर्वांनी एका पंक्तीला बसून खावे. त्यानेही निकाल लागेल असे नाही. परंतु पुढच्या वर्षी पुन्हा वाद घालण्यासाठी माणसे एकमेकांकडे आनंदाने येतील.